सिव्हिलायझेशन सिक्स: संस्कृती निवडावी कशी आणि तिचा हंगाम साधावा कसा

सिव्हिलायझेशन सिक्स या संगणकावरील खेळात एक संस्कृती निवडून ती प्राचीन युगापासून पुढे न्यायची असते. पहिल्या डावात मी चंद्रगुप्त मौर्य निवडला, तो केवळ नावावर भाळून. नालासोपाऱ्याला १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि हा अशोक चंद्रगुप्ताचा नातू, एवढ्या धाग्यावर मौर्य साम्राज्य मला विरार लोकलच्या टप्प्यातले वाटत होते. रात्री साडेअकराला खेळ सुरू केला, आल्या आल्या स्टोनहेंज बांधायला घेतले, आणि ते अर्धवट असतानाच शेजारच्या सुमेरच्या गिल्गामेशचे युद्धरथ दारात उभे राहिले. राजधानी कशीबशी वाचली. पण ज्या हत्तीदलाच्या भरवशावर चंद्रगुप्त निवडला होता, ते उभे राहीपर्यंत बाकीच्यांचे चिलखती नाइट नकाशाभर फिरू लागले होते. हत्तींचा उपयोग त्यानंतर फक्त पाहण्यापुरता उरला.

या खेळातील प्रत्येक संस्कृतीला एक हंगाम असतो, आणि तो कधी येतो हे पहिला टर्न, म्हणजे पहिली पाळी, खेळण्याआधी ठाऊक असावे लागते, हे कळायला मला त्यानंतर आणखी चार डाव हरावे लागले. नव्याने खेळायला बसणाऱ्याला एवढे डाव हरावे लागू नयेत म्हणून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. हे मार्गदर्शन सिव्हिलायझेशन सिक्ससाठी आहे. मूळ खेळ सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी १९९१ साली केला; सहावी आवृत्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये आली आणि सातवी फेब्रुवारी २०२५ मध्ये. सातव्या आवृत्तीत युग बदलले की संस्कृतीही बदलते, म्हणजे मौर्यांवरून चोळांवर आणि तिथून मुघलांवर जाता येते. नवख्याने मात्र एकच संस्कृती आरंभापासून अखेरपर्यंत सांभाळण्याचे शिक्षण सहाव्या आवृत्तीत घ्यावे, असे माझे मत आहे.

१. बसण्यापूर्वी काय जवळ असावे

- ४ जीबी रॅमच्या संगणकावर खेळ चालतो, पण शेवटच्या युगांत प्रत्येक टर्नला ताटकळत बसावे लागते. ८ जीबी असल्यास त्रास होत नाही. लॅपटॉप जुना असेल तर सेटिंगमध्ये चित्रांची प्रत कमी करावी आणि ‘स्ट्रॅटेजिक व्ह्यू’ हा सपाट नकाशा वापरावा.
- खेळाची योग्य प्रत. सहाव्या आवृत्तीच्या मूळ खेळात रोम, इजिप्त, ग्रीस, सुमेर, जर्मनी, जपान आणि गांधीजींचा भारत आहे. चंद्रगुप्त आणि कोरिया ‘राइझ अँड फॉल’ या २०१८ च्या विस्तारात आले, तर २०१९ च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये हवामान, पूर आणि राजनैतिक विजय यांची भर पडली. सगळे एकत्र हवे असल्यास ‘अँथॉलॉजी’ नावाचा संच आहे. तो सवलतीच्या दिवसांतच घ्यावा. या खेळावर वर्षातून अनेकदा मोठी सूट लागते.
- दोनशे पानी वही आणि पेन. हे गमतीने म्हणत नाही. मुलुंडहून सीएसएमटीला जाताना बसायला जागा मिळाली तर माझे निम्मे डाव त्या वहीतच आखून होतात.
- वेळ. सर्वसाधारण वेगाचा पूर्ण डाव मला दहा-बारा तासांच्या आत कधीही आटोपता आलेला नाही. तो आठवडाभरात थोडा थोडा खेळावा. जतन करण्यासाठी एफ-५ आणि जतन केलेल्या ठिकाणी परतण्यासाठी एफ-६ ही बटणे आहेत. आपोआप जतन होण्याची सोय सेटिंगमध्ये प्रत्येक टर्नवर ठेवावी.

२. पहिल्या डावाची मांडणी

नवा डाव सुरू करताना झटपट सुरुवातीचे बटण न दाबता तपशीलवार मांडणीचा पर्याय उघडावा. अडचणीच्या आठ पातळ्यांत सर्वांत सोपी ‘सेटलर’ आणि सर्वांत कठीण ‘डीटी’. मधली ‘प्रिन्स’ ही पातळी अशी आहे की तिथे संगणकालाही उपरी मदत मिळत नाही आणि तुम्हालाही नाही. पहिला डाव तिच्याखालच्या ‘वॉरलॉर्ड’ पातळीवर खेळण्यात काहीही कमीपणा नाही. डीटी पातळीवर संगणकाचे खेळाडू पहिल्याच टर्नला तीन सेटलर, म्हणजे नवे शहर वसवणारी पथके, घेऊन उतरतात. तिथे धाडस दाखवण्याची घाई करू नये.

नकाशा ‘टायनी’ म्हणजे चार खेळाडूंचा किंवा ‘स्मॉल’ म्हणजे सहा खेळाडूंचा घ्यावा. त्याचा प्रकार ‘पँजिया’ ठेवावा, म्हणजे सगळे एकाच मोठ्या भूखंडावर येतात आणि आरमाराचे प्रकरण पुढच्या डावावर ढकलता येते.

वेगाच्या बाबतीत मात्र नवखे हमखास फसतात. ‘ऑनलाइन’ वेगाचा डाव २५० टर्नचा, ‘क्विक’ ३३० चा, ‘स्टँडर्ड’ ५०० चा, ‘एपिक’ ७५० चा आणि ‘मॅरेथॉन’ १५०० टर्नचा असतो. लवकर संपेल म्हणून बहुतेक जण ऑनलाइन वेग निवडतात. त्यात शोध आणि बांधकामे भराभर होतात, पण सैन्य एका टर्नला नकाशावरची तेवढीच घरे चालते. परिणामी तुमच्या संस्कृतीचे खास दल शेजाऱ्याच्या वेशीपर्यंत पोचेतो जुनाट झालेले असते. लढाऊ संस्कृती घेतलीत तर स्टँडर्डपेक्षा जलद वेग घेऊ नका.

३. संस्कृतीचे एक पानी टिपण करा

या लेखातील इतर सर्व पायऱ्या विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. प्रत्येक संस्कृतीला साधारणपणे चार खास गोष्टी मिळतात: संस्कृतीचा गुण, नेत्याचा गुण, एक खास सैन्यदल आणि एक खास वास्तू. ही वास्तू कधी इमारत असते, कधी डिस्ट्रिक्ट (शहराच्या हद्दीत वेगळ्या घरावर बांधायचा खास विभाग), तर कधी जमिनीवरची सुधारणा. खेळातल्या ‘सिव्हिलोपीडिया’ या कोशात हे सगळे दिलेले आहे. वहीत या चौघांसाठी चार ओळी लिहाव्यात आणि प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्नांची उत्तरे मांडावीत: हे कोणत्या शोधाने किंवा नागरी सुधारणेने हाती येते, त्याला कसली जमीन किंवा साधनसामग्री लागते, आणि ते जुने कधी होते.

सुमेरचे टिपण करून पाहू. युद्धरथासाठी कसलाही शोध लागत नाही, तो पहिल्या टर्नपासून बांधता येतो. त्याचे बळ ३० आहे, आणि त्या काळी बाकीच्यांकडे असलेल्या साध्या वॉरिअरचे २०. झिगुरातही सुरुवातीपासून बांधता येते. ते टेकडीवर चालत नाही, मात्र नदीकाठी असेल तर विज्ञानाबरोबर संस्कृतीचाही गुण देते. चारपैकी दोन ओळींपुढे ‘पहिला टर्न’ असे लिहावे लागले, यातच सुमेरचा हंगाम उघड होतो. शेजाऱ्याकडे भालेकरी आणि तटबंदी येण्यापूर्वी जे मिळवाल ते तुमचे. माझ्या पहिल्या डावात गिल्गामेशने माझ्यावर हेच केले होते, आणि मी त्याचा कोशातला परिच्छेदही वाचलेला नव्हता. टिपण स्वतःचे करावेच, पण शेजारी कोण आहे हे कळताक्षणी त्याचेही करावे.

आता कोरिया. राणी सोनदोकच्या या संस्कृतीचे सर्व काही ‘सोवन’ या डिस्ट्रिक्टभोवती फिरते. लेखनाचा शोध लागला की ते मिळते, टेकडीवरच बांधता येते आणि आपल्या पायावर विज्ञानाचे ४ गुण देते. मात्र शेजारी दुसरे डिस्ट्रिक्ट आले की प्रत्येकी एक गुण वजा होतो. कोरियाचा हंगाम म्हणजे एखादे युग नव्हे, तर एका विशिष्ट जमिनीची मालिका आहे. टेकड्या मिळत गेल्या की तो सुरू होतो आणि सहसा संपत नाही.

दुसऱ्या टोकाला अमेरिका बसते. तिचे पी-५१ मस्टँग विमान आणि फिल्म स्टुडिओ डावाच्या उत्तरार्धात येतात. ते येईपर्यंतचे शे-दोनशे टर्न तुम्हाला जवळपास साध्या संस्कृतीसारखे खेळून काढावे लागतात. ज्याला मूळ खेळच अजून उमगलेला नाही त्याने इतकी दीर्घ उधारी घेऊ नये.

४. पहिल्या डावासाठी रोम घ्या

भारत घेण्याचा मोह आवरा, असे मी अनुभवाने सांगतो. त्याचे कारण सातव्या पायरीत येईल. पहिल्या डावासाठी ट्राजानचे रोम योग्य आहे, कारण ते तुमच्या चुका झाकते. रोमने वसवलेल्या प्रत्येक शहराला प्राचीन युगात एक स्मारक फुकट मिळते, त्यामुळे संस्कृतीचे गुण पहिल्या दिवसापासून जमू लागतात. राजधानीच्या व्यापारी टप्प्यात वसवलेल्या शहरापर्यंत रस्ता आपोआप तयार होतो, त्यामुळे सैन्य वेळेत पोचते. ‘लीजन’ हे खास दल लोखंडकामाच्या शोधाने मिळते. स्नानगृह हे रोमचे खास डिस्ट्रिक्ट जलवाहिनीची जागा घेते आणि शहर मोठे होऊ देते. चारही गोष्टी एकाच दिशेला ओढतात: लवकर पसरा, जोडलेले राहा, मग शेजाऱ्याला ढकला.

नवख्याने काही संस्कृती मुद्दाम टाळाव्यात. माओरी भर समुद्रात सुरुवात करतात. बॅबिलोनचा हम्मुराबी ‘युरेका’ (शोधाला वेग देणारी ठरावीक कामगिरी) साधताच अख्खा शोध मिळवतो, पण त्याचे रोजचे विज्ञान निम्मे असते. मालीचा मन्सा मुसा सोन्याने खरेदी करण्यासाठी जन्मलेला आहे, त्याच्याकडे बांधायला घेतले तर काम रखडते. या तिघांचा आनंद साधे नियम अंगवळणी पडल्यावरच घेता येतो.

५. पहिले पन्नास टर्न

सेटलर निवडला की नकाशावर रंग उमटतात. गडद हिरवे म्हणजे गोडे पाणी, फिका हिरवा म्हणजे समुद्रकिनारा, करडा म्हणजे पाणी नाही, आणि लाल म्हणजे तिथे शहर वसवताच येत नाही. गोड्या पाण्याकाठच्या शहराला आरंभी ५ हाउसिंग मिळते, किनाऱ्यावर ३, आणि कोरड्या जागी अवघे २. हाउसिंगच्या मर्यादेजवळ पोचले की लोकसंख्येची वाढ मंदावते, म्हणून चांगली जागा शोधण्यात एखादा टर्न गेला तर जाऊ द्यावा. तीन-चार टर्न मात्र घालवू नयेत. ‘गॅदरिंग स्टॉर्म’ खेळत असाल तर सखल किनारपट्टीची घरे उत्तरार्धात समुद्राखाली जाऊ शकतात, हेही ध्यानात असू द्यावे. पावसाळ्यात हिंदमाता पाहिलेल्या माणसाला याहून अधिक सांगायला नको.

बांधणीचा माझा क्रम असा: आधी स्काउट म्हणजे टेहळ्या, मग गोफणवाला, मग सेटलर. गोफणवाल्याने एखादे दल मारले की धनुर्विद्येचा युरेका मिळतो आणि त्या शोधाचा ४० टक्के भाग आपोआप पूर्ण होतो. असे युरेका जवळपास प्रत्येक शोधाला आहेत. दुसरी संस्कृती भेटली की लेखनाचा, दगडाची खाण सुरू केलीत की गवंडीकामाचा, तीन रानटी दले मारली की कांस्यकामाचा. हे योगायोगाने मिळण्याची वाट न पाहता ठरवून मिळवावेत.

रानटी टोळ्यांबद्दल एक सावधगिरी हवी. त्यांचा स्काउट तुमच्या शहराजवळ आला आणि त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसू लागले, तर त्याने तुमचे शहर हेरलेले आहे. तो आपल्या छावणीत परतला की तिथून हल्लेखोर निघतात. परतण्याआधीच त्याला गाठावे. मी बरेच दिवस ‘एकटाच तर आहे’ म्हणून त्याला सोडून देत असे.

बिल्डर म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर वेगळेच चित्र येते, पण इथला बिल्डर तीन कामे सांगितल्याप्रमाणे करतो आणि नाहीसा होतो. त्याची पहिली तीन कामे विचारपूर्वक ठरवावीत, कारण तीन जागा सुधारल्या की ‘क्राफ्ट्समनशिप’ या नागरी सुधारणेलाही वेग मिळतो. शंभराव्या टर्नपर्यंत पाच-सहा शहरे उभी राहिली असतील तर तुमचे ठीक चालले आहे. नवे शहर शेजाऱ्याच्या शहरांच्या गराड्यात वसवू नये. ‘राइझ अँड फॉल’पासून निष्ठेचा नियम आहे, आणि निष्ठा घसरली तर शहर न लढता हातचे जाते.

६. डिस्ट्रिक्टची जागा

शहरात पहिले डिस्ट्रिक्ट लोकसंख्या १ असताना, दुसरे ४ झाल्यावर, तिसरे ७ झाल्यावर बांधता येते. जर्मनीला या मर्यादेपेक्षा एक अधिक मिळते, म्हणून ती उद्योगप्रधान खेळाडूंची लाडकी आहे. कॅम्पस हे विज्ञानाचे डिस्ट्रिक्ट; तो डोंगरालगत ठेवावा, कारण प्रत्येक डोंगरामागे एक विज्ञानगुण वाढतो. व्यापारी डिस्ट्रिक्ट नदीकाठी ठेवावे. वाय हे बटण दाबले की प्रत्येक घराचे उत्पन्न दिसते. ते नेहमी चालू ठेवा.

सगळ्यात उपयोगी युक्ती अशी की डिस्ट्रिक्टची जागा नेमून काम सुरू केले की त्याची किंमत तिथेच गोठते. पुढे शोध वाढतील तशी इतर डिस्ट्रिक्टची किंमत वाढत जाते, हे मात्र जुन्या भावातच राहते. लोकसंख्येची अट पूर्ण होताच पायाभरणी करून ठेवावी आणि मग सवडीने काम संपवावे. स्टोनहेंजसारख्या आश्चर्यांच्या, म्हणजे डावात एकालाच बांधता येणाऱ्या वास्तूंच्या, बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. दुसऱ्या कोणी ते आधी पुरे केले की तुमचा खर्च बहुतांश वाया जातो. पहिल्या डावात एक किंवा दोन पुरे, आणि तेही टिपणातल्या दिशेला साजेसे.

७. हंगाम साधणे

आता टिपण उलटे वाचायचे. लीजन कधी हवे, ते ठरवून मागे मागे यायचे. शोधांच्या तक्त्यात लोखंडकामावर थेट टिचकी मारली की वाटेतले सगळे शोध रांगेत लागतात. कांस्यकामाने लोखंडाचे साठे नकाशावर दिसू लागतात, आणि त्या साठ्यावर खाण बसवली की लोखंडकामाचा युरेका मिळतो. म्हणून कांस्यकाम होताच बिल्डर मोकळा हवा. साठा सीमेबाहेर असेल तर तिथे पुढचे शहर वसवण्यासाठी सेटलरही तयार हवा. दरम्यान साधे वॉरिअर बांधून ठेवावेत आणि सोने साठवावे. शोध लागला की वॉरिअरची बढती लीजनमध्ये करता येते, नव्याने बांधण्यापेक्षा ते कितीतरी जलद होते. ‘अगोगी’ ही धोरणपत्रिका क्राफ्ट्समनशिपनंतर मिळते आणि अशा दलांच्या बांधणीला ५० टक्के वेग देते. ती याच काळात लावायची आणि मोहीम सुरू झाली की काढायची. सोबत तट फोडण्याचा ओंडका घ्यायला विसरू नये. तो गवंडीकामाने मिळतो. ओंडका नसेल तर लीजनचे बळ प्राचीन तटबंदीवर आदळून वाया जाते. हे सगळे जुळून आले की मोहिमेला तीस-चाळीस टर्नचा अवकाश मिळतो. शेजाऱ्याकडे नाइट किंवा क्रॉसबो दिसले की थांबावे, तह करावा आणि मिळालेली शहरे बांधून काढावीत. हंगाम सरल्यावरही चढाई चालू ठेवणे ही नवख्यांची सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

भारताचे टिपण याच कसोटीला लावून पाहा, म्हणजे मी मघाशी थांबवले ते का, हे समजेल. ‘वरू’ हे हत्तीदल घोडेस्वारीच्या शोधाने मिळते, त्याचे बळ ४० आहे आणि त्याला लागून असलेल्या शत्रूचे बळ ५ ने घटते. पण ते जड घोडदळात मोडते, त्यामुळे तट फोडण्याच्या ओंडक्याचा लाभ त्याला मिळत नाही. शेजाऱ्याने तट बांधायच्या आत जायचे किंवा दगडफेकी यंत्रे सोबत न्यायची, असे दोनच मार्ग उरतात. चंद्रगुप्ताचा ‘अर्थशास्त्र’ हा गुण सैनिकी प्रशिक्षणाच्या नागरी सुधारणेनंतर प्रदेशविस्ताराचे युद्ध पुकारू देतो, आणि पुकारल्यापासून पहिले १० टर्न सैन्याला चालीत २ व बळात ५ ची वाढ देतो. त्या युद्धासाठी शेजाऱ्याचा जाहीर निषेध आधीच केलेला असावा लागतो. म्हणजे हत्ती विज्ञानाच्या तक्त्यातून येतात, युद्धाचा अधिकार नागरी सुधारणांच्या तक्त्यातून, आणि हे दोन्ही एकाच वेळी पिकले तरच चंद्रगुप्ताचा हंगाम येतो. त्यासाठी छावणीचे डिस्ट्रिक्ट लवकर बांधावे, कारण त्यानेच सैनिकी प्रशिक्षणाला वेग मिळतो. सैनिकी परंपरेनंतर मिळणारी ‘मॅन्यूव्हर’ पत्रिका लावून हत्तींची बांधणी ५० टक्क्यांनी वाढवावी. आणि निषेध दोन-चार टर्न आधी नव्हे, पुरेसा आधी नोंदवावा. मी स्टोनहेंजच्या मागे लागून यातले एकही केले नव्हते.

गांधीजींचा भारत अगदी वेगळा चालतो. धर्म स्थापन केलेल्या आणि युद्धात नसलेल्या प्रत्येक परिचित संस्कृतीमागे श्रद्धेचे ५ गुण मिळतात, शिवाय भारताच्या ‘धर्म’ या गुणामुळे शहरात जितक्या धर्मांचे अनुयायी असतील तितक्या धर्मांच्या अनुयायी-श्रद्धांचा लाभ होतो. त्यामुळे इतर खेळाडू ज्या परक्या धर्मप्रचारकांना हाकलतात, त्यांचे तुम्ही थोडेफार स्वागत करावे. मात्र कोणताही एक परका धर्म तुमच्या निम्म्याहून अधिक शहरांत बहुसंख्य होऊ देऊ नये, नाहीतर तुमच्याच पाहुणचारावर दुसरा धार्मिक विजय मिळवून बसेल. गांधीजींच्या अणुबॉम्बप्रेमाचा विनोद तुमच्या कानावर पडेलच. पहिल्या खेळातल्या एका अंकगणिती चुकीमुळे हे घडले, ही कथा जगभर पसरलेली आहे, पण खुद्द सिड मायर यांनी २०२० साली आपल्या आत्मकथनात ती नाकारली आहे.

भारताची पायविहीर, आपल्याकडे जिला बारव म्हणतात, ती दोन्ही नेत्यांना मिळते. जलसिंचनाच्या शोधाने ती येते, अन्न आणि हाउसिंग एकेकाने वाढवते, शेताशेजारी असेल तर आणखी अन्न देते आणि पवित्र स्थळाला लागून असेल तर श्रद्धा. ती टेकडीवर किंवा दुसऱ्या बारवेला लागून बांधता येत नाही. कान्हेरीच्या लेण्यांत विहाराशेजारी खोदलेल्या पाणपोढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पाणी आणि पूजास्थान यांची ही जोडी खेळात कुठून आली हे वेगळे सांगावे लागणार नाही. नदीपासून दूर वसलेली शहरे भारताला परवडतात ती या बारवेमुळे.

८. शेजाऱ्यांशी वागणे

नवा नेता भेटला की त्याच टर्नला २५ सोन्याचे शिष्टमंडळ पाठवावे. पहिल्या भेटीत बहुधा ते स्वीकारले जाते, मत एकदा बिघडल्यावर नाकारले जाते. प्रत्येक नेत्याची आवडनिवड ठरलेली असते आणि तिचा उघड भाग त्याच्या पडद्यावर वाचता येतो. चंद्रगुप्त संगणकाच्या हाती असेल तर त्याला जवळचा शेजारी खुपतो. तुम्ही काहीही बिघडवलेले नसले तरी त्याच्या सीमेवर एक-दोन तिरंदाज कायम ठेवावेत. चैनीच्या वस्तूंची दुसरी प्रत तुमच्या उपयोगाची नसते, ती विकून सोने घ्यावे. मैत्रीची घोषणा मान्य झाली की मुदत भरेपर्यंत त्या बाजूने हल्ला होत नाही, आणि हंगाम येईपर्यंतचा वेळ असाच विकत घ्यायचा असतो.

शंभराव्या टर्नच्या सुमारास कोणता विजय मिळवायचा हे ठरवावे. सर्वांच्या मूळ राजधान्या ताब्यात घेणे, विज्ञानाने परक्या ग्रहाकडे मोहीम धाडणे, पर्यटक खेचून संस्कृतीने जिंकणे, धर्म पसरवणे, किंवा ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये २० राजनैतिक गुण जमवणे. रोमने दोन राजधान्या घेतल्या असतील तर उरलेल्याही घ्याव्यात असे वाटते, पण दूरच्या राजधान्यांसाठी हंगाम उरलेला नसतो. अशा वेळी मिळालेल्या शहरांत कॅम्पस बांधून विज्ञानाकडे वळलेले बरे.

९. दुसरा डाव: समुद्रावर

रोमचा डाव हरलात तरी पूर्ण करा, आणि मग पोर्तुगाल घ्या. ‘न्यू फ्रंटिअर’ संचातून २०२१ साली आलेल्या या संस्कृतीचा नेता आहे तिसरा जुआंव. १५२१ ते १५५७ ही त्याची कारकीर्द. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई आणि तिच्यासोबत मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली, ती याच राजाच्या काळात. वसईच्या किल्ल्यात सहलीला गेलेला प्रत्येक मुंबईकर या नेत्याच्या जमिनीवर हिंडून आलेला आहे.

त्याच्या टिपणात व्यापार सगळीकडे दिसतो. नवी संस्कृती भेटली की एक व्यापारी मार्ग वाढतो. परदेशी व्यापाराचे उत्पन्न दीडपट होते, पण तो किनाऱ्यावरच्या किंवा बंदर असलेल्या शहरांशीच करता येतो. ‘नाउ’ हे जहाज कॅरव्हेलच्या जागी येते आणि परक्या किनाऱ्यावर ‘फेइतोरिया’ ही वखार उभारते. हंगाम दोन टप्प्यांत येतो, आधी ओळखी वाढवण्याचा आणि मग वखारी टाकण्याचा. म्हणून पहिले जहाज शक्य तितक्या लवकर पाण्यात सोडावे, किनाऱ्यावर शहर वसवून नौकानयनाचा युरेका घ्यावा, आणि स्काउट एकाऐवजी दोन ठेवावेत.

मी हा डाव प्रथम सवयीने पँजियावरच मांडला. भोवतालची सगळी शहरे जमिनीच्या पोटात निघाली, एकाही व्यापाऱ्याला माल उतरवायला धक्का सापडेना, आणि सत्तर टर्ननंतर मी तो सोडून दिला. मांडणीच्या पडद्यावर नकाशाचा प्रकार ‘आर्किपेलागो’, म्हणजे बेटांचा, आहे ना, हे सुरुवातीचे बटण दाबण्याआधी एकदा पाहून घ्या.